जनरलच्या गालावरची जागा

सोमवारी ते मेडल माझ्या हातात आलं तेव्हाची त्याची स्थिती वहीत लिहून ठेवलेली आहे. ब्राँझचं, गोल, सात सेंटिमीटरला किंचित कमी. रंग काळपट चॉकलेटी, खोलगट भागांत जवळजवळ काळा. पुढच्या बाजूला एका सेनानीचा एका अंगाने दिसणारा चेहरा: गळाबंद लष्करी कोट, खांद्यावर झालरी, मिशा, गालावर उतरलेले कल्ले. मागच्या बाजूला डोंगरांची रांग, डोंगरामागून वर येणारा सूर्य आणि तुटलेली साखळी. कडेने स्पॅनिश अक्षरं. सगळं मेडल काळपट असलं तरी गालाचा उंचवटा पिवळाधमक होता, अंगठ्याच्या पेरापेक्षा थोडा लहान. कॉलरपाशी आणखी एक उजळ ठिपका, मसुराच्या दाण्याएवढा.

पुण्यातल्या एका दैनिकात मी नऊ वर्षं उपसंपादक होते. वस्तूबद्दल लिहायचं असेल तर आधी ती मोजायची, मग बाकीचं, ही सवय तिथली. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही ॲमस्टरडॅमला आलो, बुइटनव्हेल्डर्ट भागात तिसऱ्या मजल्यावर घर घेतलं. पहिली दोन वर्षं मी नुसती त्याच्या परवान्यावर इथे राहणारी बायको होते. मग हूफडॉर्पमधल्या एका कंपनीचं अंतर्गत बातमीपत्र लिहायचं काम मिळालं. आठवड्यातून तीन दिवस बसने जाते.

मेडल वरच्या मजल्यावरच्या शेजारीणबाईंचं. पंचाहत्तरी ओलांडलेल्या, एकट्या. दक्षिण अमेरिकेतल्या डोंगराळ भागातल्या एका गावातून, डच नवऱ्यामागे, तरुणपणी इथे आलेल्या. नवरा वारला, मुलगी कामानिमित्त दूर देशी, आणि त्या मुलीची मुलगी शाळा संपेपर्यंत आजीकडे राहिलेली. इथे शेजाऱ्याला नावाने हाक न मारता शेजारीण, ‘बुरफ्राउ’, म्हणायची पद्धत आहे. त्या मला तेच म्हणत, मीही त्यांना तेच.

ऑगस्टच्या शेवटी त्यांनी मला वर बोलावलं. नात ग्रोनिंगनच्या विद्यापीठात शिकायला निघाली होती, शनिवारी.

“तू पेपरात होतीस ना?” त्यांनी विचारलं. “मला एक पान लिहून हवंय. या मेडलबद्दल. मी सांगते, तू लिही. नातीला मेडलबरोबर द्यायचंय. तिला स्पॅनिश नीट येत नाही आणि मला डचमध्ये मनातलं लिहिता येत नाही. इंग्रजीत लिही.”

मी वही काढली. शेजारीणबाई त्या सेनानीला ‘जनरल’ म्हणत. त्यांच्या देशाला स्पेनच्या राज्यातून सोडवणाऱ्यांपैकी तो एक. त्याच्या मृत्यूला शंभर वर्षं झाली तेव्हा सरकारने मेडलं पाडली आणि गावोगावच्या शाळामास्तरांना वाटली. शेजारीणबाईंचे आजोबा मास्तर होते.

इथवर कोणत्याही मेडलची असते तशी हकिकत होती. मग त्यांनी गालावरच्या जागेचं सांगितलं. घरातून कोणी लांब जायला निघालं की दारापाशी मेडल धरलं जाई आणि जाणाऱ्याने ते हातात घेऊन जनरलच्या गालावर अंगठा दाबायचा. तोंडाने काही म्हणायचं नाही. काका खाणीवर गेले, वडील राजधानीत, दोघी बहिणी लग्न होऊन. शेजारीणबाई स्वतः विमानाला निघाल्या तेव्हाही. पुढे मेडल त्यांच्याकडे आलं आणि त्यांची मुलगी याच इमारतीतून अंगठा लावून गेली. इतक्या अंगठ्यांनी तेवढ्या जागेवरचा काळा थर गेला होता.

“आणि हा कॉलरजवळचा?” मी विचारलं.

“डावखुऱ्या माणसाचा. डाव्या हातात वेगळं धरलं जातं, म्हणून अंगठा तिथे पडतो. तो घर सोडून सारखा पळायचा, सारखा परत यायचा. म्हणून एकट्याचाच एवढा दिसतो.” त्या हसल्या.

कडेची अक्षरं मला उतरवून घ्यायची होती, मापं घ्यायची होती. त्या म्हणाल्या, घेऊन जा, शुक्रवारी आणून दे. शनिवारी सकाळी दारात लागेल.

मी फोनवर दोन फोटो काढले. एक मागच्या बाजूचा, अक्षरांसाठी. दुसरा पुढचा, खिडकीपाशी धरून. त्या दुसऱ्यात खिडकीचा उजेड नेमका चेहऱ्यावर पडला आहे. गाल पांढरा दिसतो आणि कॉलरवर माझ्या फोनची सावली आहे. वस्तू घरातच असल्यामुळे मी पुन्हा काढला नाही.

आमच्या घरात जपून ठेवायच्या गोष्टी देवघरात ठेवतात. देवघर म्हणजे दिवाणखान्यातल्या कपाटाचा वरचा कप्पा. पासपोर्ट, रेसिडेन्स कार्डं नवीन आली तेव्हा, घराच्या किल्ल्या मिळाल्या तेव्हा, सगळं आधी तिथे गेलं. मी फारशी देवधर्म करणारी नाही, पण तिथली वस्तू कोणी हलवत नाही, मुलीचं चित्रांचं सामान तिथे पोचत नाही. सोमवारी संध्याकाळी मी मेडल अन्नपूर्णेच्या मागे, फळीला टेकवून उभं ठेवलं. कोणाला काही सांगितलं नाही.

सासूबाई जुलैपासून आमच्याकडे होत्या, तीन महिन्यांच्या व्हिसावर. येताना पितळी ताम्हन, समया आणि नारळाच्या शेंड्यांची पिशवी घेऊन आल्या होत्या. शेंड्या कशाला, असं नवऱ्याने विमानतळावरच विचारलं होतं. “तुमच्या त्या हिरव्या स्पंजने देव घासू का?” असं त्यांचं उत्तर होतं.

त्यांची आणि शेजारीणबाईंची मैत्री खालच्या बाकावर झाली. एक मराठी बोले, दुसरी स्पॅनिश. माझी दहा वर्षांची मुलगी शाळेतून आली की दोघींच्या मधे बसून डच आणि मराठीत थोडीफार देवाणघेवाण करून देई. मराठी तिला सगळं समजतं, बोलताना मात्र डचमध्ये उत्तर देते. ती नसली तरी दोघींचं अडत नसे. बाकावर कधीतरी जनरलचं बोलणं निघालं तेव्हा सासूबाईंनी शेजारीणबाईंचं नाव ‘सेनापतीणबाई’ ठेवलं होतं. मेडल मात्र त्यांनी पाहिलेलं नव्हतं.

त्या वर्षी गणपती शुक्रवारी होते. गुरुवारी मी हूफडॉर्पला गेले. साडेपाचला घरी आले तेव्हा सिंकशेजारी जुन्या टॉवेलवर सगळे देव ओळीने वाळत ठेवलेले होते. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, घंटा, ताम्हन, समया. सगळं झळझळीत. घरभर चिंचेचा वास. ओळीच्या शेवटी मेडल होतं. ते नव्या नाण्यासारखं, किंचित गुलाबी छटेचं पिवळं झालं होतं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच रंग. जनरलच्या कपाळावर कुंकवाचं बोट लावलेलं होतं.

मी विचारलं, “आई, हे कशाने घासलं?”

“चिंच-मीठ. आणि मग रांगोळीची चिमूट. काय मळलं होतं गं! बाकीच्या सगळ्यांना मिळून लागला नाही एवढा वेळ त्या एकट्याला लागला. किती वर्षांत हात लावला नव्हतास?”

“हे काय आहे असं वाटलं तुम्हाला?”

“टाक ना? तुझ्या माहेरचा. वीराचा असेल म्हटलं. आमच्याकडे वीराच्या टाकाला घोडा असतो, याला नाही. पण मिशा आहेत, लष्करी कोट आहे. म्हटलं असेल कोणी इंग्रजांच्या पलटणीतला.” मग माझ्याकडे बघून, “का गं? काय झालं?”

टाक म्हणजे देवाची किंवा पूर्वजाची प्रतिमा ठोकलेला धातूचा पत्रा. त्यांच्या माहेरी आणि सासरी देव्हाऱ्यात असे टाक आहेत. सणाच्या आदल्या दिवशी ते घासले नाहीत तर देवांना पारोसं ठेवलं असं मानतात. अन्नपूर्णेच्या मागे उभा केलेला, चेहरा उठवलेला, गोल धातूचा तुकडा दुसरं काय असू शकतो, हे मी आज विचार करूनही सांगू शकत नाही.

मी सांगितलं. त्यांनी टॉवेलचं टोक ओलं करून आधी कुंकू पुसलं. मग मेडल हातात घेऊन खुर्चीवर बसल्या.

“अंगठ्याचा डाग होता होय,” त्या म्हणाल्या. “तिथे आधीच चकचकीत होतं. मला वाटलं, तुझ्या आईने घासायला सुरुवात केली असेल आणि अर्धवट सोडलं असेल.”

मेडल टॉवेलवर ठेवून म्हणाल्या, “मग मी ते पुरं केलं.”

मी बोट फिरवून पाहिलं. गालावर बोटाला किंचित सपाट लागत होतं, डोळ्याला काही दिसत नव्हतं. कॉलरजवळ बोटालाही काही लागत नव्हतं.

नवरा सातला आला. त्याने मेडल दिव्याखाली धरलं, उलटंपालटं केलं.

“छान दिसतंय की,” तो म्हणाला आणि लगेच मेडल खाली ठेवलं. मग, “हे बघ, आईचं नाव घेऊ नकोस. दोघी रोज बसतात खाली. आईला इथे दुसरं कोण आहे बोलायला?”

“मग काय सांगू?”

“सांग, तू साफ केलंस. तुला माहीत नव्हतं म्हणून.”

“मला माहीत होतं. मी वहीत लिहून घेतलंय.”

“मग सांग आमच्याकडे चुकून साफ झालं. कोणी ते कशाला सांगायला हवं?”

आमच्या वृत्तसंपादकांना असलं वाक्य दिसलं की ते बातमीची कॉपी परत टाकायचे. पूल पडला, लाठीमार झाला, फाईल गहाळ झाली. “कोणी?” असं लाल शाईने लिहून यायचं. मी नवऱ्याला हे सांगितलं नाही. त्याचं म्हणणं मला त्या वेळी बरोबर वाटत होतं.

शुक्रवारी सकाळी गणपती बसले. आरती झाल्यावर मी जुनी नाणी आणि पदकं विकणाऱ्या एका दुकानाला फोन केला. दुकानदार सभ्यपणे बोलला. म्हणाला, आता आणखी काही करू नका. काळा रंग औषधाने पुन्हा चढवता येतो, पण तो सगळीकडे सारखा चढेल. मी गालाबद्दल विचारलं. तो म्हणाला, “ती खूण होती मॅडम. खूण आम्ही करून देऊ शकत नाही.”

दुपारी चारला मी वर निघाले. सासूबाई साडी बदलून दारात उभ्या होत्या, हातात डब्यात पाच मोदक.

“तुम्ही नका येऊ आई. मी सांगून येते.”

“घासलं मी आणि जाणार तू?”

मुलगी आधीच जिन्यात पोचली होती.

शेजारीणबाईंच्या घरात दारापाशी दोन सूटकेस होत्या. नात सायकलीचं कुलूप आणायला दुकानात गेली होती. त्यांनी मोदक घेतले, सासूबाईंचा हात दाबला, सगळ्यांना बसायला सांगितलं. मी पिशवीतून मेडल काढलं आणि पाठ केलेलं वाक्य डचमध्ये म्हटलं. मेडल आमच्याकडे घासलं गेलं, फार वाईट वाटतं, चूक माझी आहे.

त्यांनी चष्मा लावला आणि मेडल घेऊन खिडकीपाशी गेल्या. पाठमोऱ्या उभ्या होत्या. उजवा अंगठा गालावर ठेवून त्या बराच वेळ जागा शोधत होत्या. मग मेडल डाव्या हातात घेतलं आणि कॉलरपाशी शोधलं.

“कोणी?” त्यांनी विचारलं.

“माझ्या घरात झालं. जबाबदारी माझी.”

“जबाबदारी नाही विचारली मी.”

“काय विचारतायत?” सासूबाईंनी मला विचारलं.

“काही नाही, आई.”

“काही नाही कसं? मघापासून त्यांचा चेहरा बघतेय मी. सांग त्यांना, मी घासलं. म्हणावं, देव समजून घासलं, हलगर्जीपणाने नाही.”

मी ते डचमध्ये सांगितलं नाही. वाक्य सोपं होतं आणि माझं डच तेवढं चांगलं आहे.

मुलगी म्हणाली, “आजीने घासलं. तिला तो देव वाटला.” डचमध्ये, शाळेत उत्तर देतात तशा आवाजात.

शेजारीणबाई वळल्या. आधी सासूबाईंकडे बघितलं.

“देव?” त्या म्हणाल्या. “त्याने गावंच्या गावं जाळली. माझ्या आजोबांना तो आवडतसुद्धा नव्हता. सरकारने दिलं म्हणून घेतलं, घरात दुसरं काही जड नव्हतं म्हणून कागदांवर ठेवत होते. जनरलचं आम्हाला काही नव्हतं. आमचं होतं ते वर लागलेलं होतं.”

मुलगी एकेक वाक्य मराठीत सांगत होती. ती मराठी बोलत होती, हे माझ्या नंतर लक्षात आलं. सासूबाईंनी मान खाली घातली. मग उठून शेजारीणबाईंच्या समोर गेल्या आणि हात जोडले. वयाने त्या शेजारीणबाईंपेक्षा वर्षाने मोठ्या आहेत. शेजारीणबाईंनी त्यांचे जोडलेले हात दोन्ही हातांनी धरून खाली केले.

मग माझ्याकडे बघून त्या म्हणाल्या, “तू मला सांगणार नव्हतीस.”

मी म्हटलं, “सांगितलं असतं.”

“कधी?”

त्यांनी मेडल टेबलावर ठेवलं, पालथं, डोंगर आणि साखळीची बाजू वर करून. पानाचं विचारलं नाही. दार उघडून उभ्या राहिल्या.

जिना उतरताना सासूबाई म्हणाल्या, “तू मला वाचवत होतीस, कळतंय मला. पण त्यामुळे मी चोर झाले गं. मी तर मोदक घेऊन गेले होते.”

शनिवारी सकाळी आम्ही खिडकीत होतो. नात दोन सूटकेस आणि पाठीवर बॅग घेऊन खाली आली. तिची मैत्रीण गाडी घेऊन आली होती. शेजारीणबाई फाटकापर्यंत आल्या, मिठी मारली, गाडी वळेपर्यंत उभ्या राहिल्या. वर दारात मेडल धरलं गेलं की नाही, ते मला माहीत नाही. खाली आल्या तेव्हा शेजारीणबाईंचे हात रिकामे होते आणि नातीच्या हातांत सूटकेसच होत्या, एवढंच मी पाहिलं.

त्यानंतर शेजारीणबाई बाकावर सासूबाईंशेजारी बसत राहिल्या. पहिले तीन दिवस आल्या नाहीत, चौथ्या दिवशी आल्या. मुलगी मधे बसे. माझ्याशी त्या लिफ्टमध्ये बोलत. पावसाबद्दल, लिफ्टच्या दुरुस्तीबद्दल. ‘बुरफ्राउ’ म्हणत नसत, ‘मेव्ह्राउ’ म्हणत, म्हणजे मॅडम. कोणाला वाटेल त्यात काही विशेष नाही. आमच्या इमारतीत राहणाऱ्याला ते ऐकू येतं.

सासूबाई सप्टेंबरअखेर पुण्याला गेल्या. उरलेल्या शेंड्यांची पिशवी सिंकखाली ठेवून गेल्या.

ऑक्टोबरमध्ये मी ते पान लिहिलं. कोणी मागितलं नव्हतं. मापं, कडेची अक्षरं, शाळामास्तर आजोबा, गालावरचे अंगठे ओळीने, कॉलरजवळचा ठिपका. मग गुरुवारचा परिच्छेद: मेडल देवघरात मी ठेवलं आणि कोणाला सांगितलं नाही. माझ्या सासूबाईंनी ते वीराचा टाक समजून चिंच आणि मिठाने घासलं. खूण गेली. त्याच्याखाली एक वाक्य: कोणी घासलं असं मालकिणीने विचारलं तेव्हा हे लिहिणारीने सांगितलं नाही, तिच्या दहा वर्षांच्या मुलीने सांगितलं. ते वाक्य मी दोनदा काढलं आणि दोनदा परत घातलं. पान पाकिटात घालून खाली शेजारीणबाईंच्या पत्रपेटीत टाकलं.

आठ दिवसांनी तेच पाकीट आमच्या पेटीत होतं. आत माझंच पान, पेन्सिलीने एक दुरुस्ती केलेलं. इंग्रजीत काका-मामा एकच, म्हणून मी ‘वडिलांचे डावखुरे भाऊ’ असं लिहिलं होतं; त्यातल्या ‘वडिलांचे’वर रेघ मारून वर लिहिलं होतं: ‘आईचे. काका खाणीवर गेले, ते परत आले नाहीत. पळून जाऊन परत यायचे ते मामा.’ मी वही काढून पाहिली. त्यांनी तेव्हा नातं सांगितलंच नव्हतं. ‘डावखुऱ्या माणसाचा’ एवढंच होतं, काका मी घातले होते. आता तो ठिपका मेडलवर नाही आणि माझ्या फोटोत त्यावर सावली आहे. दुरुस्ती आली नसती तर तो कायमचा काकांचा झाला असता.

खालच्या परिच्छेदावर, शेवटच्या वाक्यावर, पेन्सिलीची कसलीही खूण नव्हती. वृत्तपत्रात ज्या मजकुरावर खूण येत नाही तो मान्य झाला असं धरतात. इथे तसं धरता येईल का, ते मी ठरवलेलं नाही.

मी दुरुस्ती केली, दोन प्रती छापल्या, पुन्हा त्यांच्या पेटीत टाकल्या.

रविवारी सासूबाईंचा फोन येतो. आधी नातीशी बोलतात, मग माझ्याशी. त्या रविवारीही त्यांनी दर वेळचा प्रश्न विचारला.

“सेनापतीणबाई बोलल्या का गं तुझ्याशी?”

“दुरुस्ती पाठवली त्यांनी.”

“ते तुमचं पेपरातलं असेल. बोलल्या का?”

“नाही, आई. अजून नाही.”

“बरं,” त्या म्हणाल्या. “विचारत राहीन मी.”